बराकीच्या कडेचं घर

आमच्या घरात देवांपेक्षा बराकी जास्त झाल्या तेव्हा माय एकदाची बोललीच. "काय वं पोरी, भिंतवर देवले जागा ठेवशी का नही?"

तिचंही काही चूक नव्हतं. घर म्हणजे सुरतेत लिंबायतमधल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला कपाट, एकीला खिडकी, एकीला दार. उरली एक. तिच्यावर सप्तशृंगी, गणपती, आजोबांचा हार घातलेला फोटो, आणि त्यांच्या शेजारी इंग्रजांच्या काळातल्या लष्करी घरांचे मोठाले काळेपांढरे फोटो. लांबच लांब दगडी बराक, कमानी, व्हरांडे, समोर रिकामं मैदान. माणूस एकाही फोटोत नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "तुमच्यात फौजेत कोण होतं?" मी म्हणायचे, "घोडे." मग पुढचं कोणी विचारत नसे.

खरं तर आजोबा होते छावणीत, पण घोड्यांच्या मागे. मोतद्दार. साहेबांच्या घोड्यांना खरारा करायचा, लीद काढायची, नाल ठोकायला न्यायचं. नाशिककडच्या एका छावणीत त्यांना राहायला एक खोली मिळाली होती. त्या खोलीत माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, जन्म झाला आणि त्याच खोलीत आबांची आई गेली. आबांचे तेव्हा दुधाचे दातही पडले नव्हते. ती गेल्यावर आजोबांचं तिथे मन लागेना. पोराला घेऊन ते अमळनेरकडच्या आपल्या गावी आले. गावात पोट भरेना म्हणून टोळीबरोबर बारडोलीला ऊस तोडायला आले. पुढे हाताशी आलेले आबा सुरतेत कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, लागले, ते म्हातारे होईपर्यंत. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे आबा अजूनही घरात ओरडूनच बोलतात. आमच्या घरातलं काहीही गल्लीपासून लपून राहत नाही.

माझंही गल्लीला माहीत आहेच. मी आखाजीच्या सणाला माहेरी आले ती परत गेलेच नाही. नवऱ्याशी पटलं नाही, एवढंच. माय अजून टोमणा मारते, "इन्ही आखाजी काही सरत नही." मी कापड मार्केटमधल्या एका दुकानात बसते. पलसाण्याच्या मिलमधून साड्या आल्या की त्यांचे फोटो काढायचे, मोबाईलवर व्यापाऱ्यांना पाठवायचे, 'पदर जवळून दाखवा' म्हटलं की पदर जवळून दाखवायचा. दिवसभर फोटो मोठा करणं आणि लहान करणं हेच माझं काम. म्हणून हे बराकींचं लचांड माझ्याच गळ्यात पडलं.

सुरुवात आबांच्या डोळ्यांपासून झाली. पानाची टपरी समजून ते एकदा कोणाच्या तरी उभ्या टेम्पोला जाऊन बोलले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. याचं तसं नसतं. जी नजर गेली ती गेली, डॉक्टर म्हणाले, उरलेली थेंब टाकून जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. कडेचं सगळं आधीच गेलेलं. फक्त मधलं दिसतं. घरी आल्यावर आबांनी मायला समजावलं, बॉबीनच्या भोकातून बघितलं की जसं दिसतं तसं मला दिसतं, आणि भोक बारीक होत चाललंय. माय म्हणाली, "मंग सरळ देखा, इकडेतिकडे कशाले देखतस?" हसले बिचारे. त्यानंतर मात्र गप्प झाले, आणि आबा गप्प झाले की घरात कसंतरीच वाटतं.

एका संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, भोक बुजायच्या आत मला ते घर बघायचंय."

कोणतं घर हे विचारायची गरज नव्हती. ते घर आमच्याकडे दर आखाजीला निघतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशी माणसांना दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी पितर घरी जेवायला येतात. पाण्याची घागर भरून ठेवायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे. सकाळीच उंबरा धुऊन घ्यायचा आणि त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत घरातल्या गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं. बोट उमटलं की त्याला आवतण पोचलं. सुरतेतल्या आमच्या उंबऱ्याला लाकूडसुद्धा नाही, कडप्प्याची पट्टी आहे. तरी आबा तिच्यावर उकिडवे बसून सगळ्यांना बोलवायचे. आजोबा, पणजोबा, बाळंतपणात गेलेली आत्या. शेवटी आपल्या आईचं नाव घ्यायचे आणि बोट हवेतच धरून बसायचे.

"माय आठे कशी येई?"

दरवर्षी हेच. त्यांचं म्हणणं असं, की पितर आपल्या ओळखीच्या उंबऱ्यावर येतात. आजोबा सुरतेत राहून गेले, त्यांना पत्ता ठाऊक. पणजोबांना आणि आत्याला गावच्या उंबऱ्यावर भाऊबंद बोलावतातच. पण आईने सुरत कधी बघितली? ती तिकडेच येत असणार, छावणीतल्या त्या दाराशी, आणि तिथे तिला कोणी बोलावलेलं नाही. माय म्हणायची, "विचारी लिई कोन्हा रिक्षावालाले." मी पण हसायचे. आबा नाही हसायचे. बोट टेकवायचे, पण असं, की टेकवलं काय न टेकवलं काय.

मध्यंतरी, अंगात ताकद होती तेव्हा, एकदा ते एकटेच त्या छावणीला जाऊन आले होते. मोतद्दारांच्या खोल्या कधीच पाडलेल्या. त्या जागी नवी भिंत, भिंतीला फाटक, फाटकावर शिपाई. आत सोडलं नाही. सोडलं असतं तरी आत काय होतं? आईचा एकही फोटो नाही. त्या काळी मोतद्दाराच्या बायकोचा फोटो कोण काढणार? आबांना तिचा चेहरा आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती दारात बसून भाकरीचं पीठ चाळायची, आणि तिच्या मागे अंधार असायचा. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. "घर दिसलं तर ती दिसेल," आबा म्हणाले. "दार दिसलं की दारातली माणसं आठवतात." मला हे काही पटलं नाही. पण डोळे जात चाललेल्या माणसाशी काय वाद घालायचा?

मी रिकाम्या वेळेत मोबाईलवर शोधायला लागले. त्या छावणीचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि काय काय निघालं! परदेशातल्या कुठल्याशा संग्रहाने आपल्याकडचे जुने फोटो लोकांना बघायला ठेवलेत. हवा तो फोटो निवडायचा, आकार सांगायचा, की त्याची नक्कल जाड कागदावर छापून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून थेट घरी येते. साहेब लोकांनी इथे काय बांधलं त्याचा हिशेब ठेवायला काढलेले फोटो असावेत. सैनिकांची बराक, लग्न झालेल्या गोऱ्या शिपायांची घरं, अधिकाऱ्यांचे बंगले, घोड्यांचे तबेले. प्रत्येकाखाली नीट नाव. मला इतका आनंद झाला की मी दुकानातल्या शेठला पण दाखवले. तो म्हणाला, "बेन, आमां साडी क्यां छे?" यात साडी कुठेय म्हणे.

पहिली नक्कल आली तेव्हा मी नळी उघडून कागद आबांच्या समोर धरला. ते त्यावरून तोंड फिरवायला लागले. एका बाजूने सुरुवात करून हळूहळू दुसऱ्या बाजूला, मग खाली, मग परत. त्यांना एका वेळी पेल्याएवढाच तुकडा दिसतो, म्हणून सगळा फोटो असा चाखून चाखून बघावा लागतो. कमानी झाल्या, व्हरांडा झाला, जिना झाला. मी कागदाची टोकं दाबून धरलेली.

"हाई नही," आबा म्हणाले. "हे गोऱ्यांचं."

दुसरी मागवली. लग्न झालेल्या शिपायांची घरं, असं खाली लिहिलेलं. आजोबांचं लग्न झालेलं होतंच की, म्हणून मला वाटलं हेच. आबांनी तोंड फिरवलं आणि खवळले. "अगं, इथं मोतद्दार राहायचे का? येडी का खुळी? इथे आम्हाला व्हरांड्यात पाय टाकायची चोरी होती!" समोरच्या घरातली म्हातारी खिडकीतून डोकावली. मलाही राग आला. मी काय छावणीत जन्मले होते? मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना नीट, कसं होतं ते!"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तबेल्याच्या मागे बुटक्या खोल्यांची एकच रांग. कौलारू. एका टोकाला कडुनिंब. त्याच्या पलीकडे लोखंडी पायांची पाण्याची टाकी, कुठूनही दिसायची. निंबापासून तिसरं दार आपलं. सांगताना ते बोटांनी हवेत दारं मोजत होते.

मग मी बसले शोधत. दुकानात साड्या मोठ्या करायच्या आणि घरी बराकी. त्या छावणीचे जेवढे फोटो होते तेवढे सगळे बघितले. घोडे बांधायचा तबेला आहे. घोड्यांच्या पाण्याचा हौद आहे. साहेबाच्या कुत्र्यांची खोली आहे, तिच्याखाली पण नाव लिहिलेलं! पण घोडे धुणाऱ्या माणसांची खोली? नाही. कोणी काढलाच नाही फोटो. मला असला संताप आला की मी मोबाईल गादीवर आपटला. कुत्र्याच्या घराची नोंद ठेवावीशी वाटली, माणसाच्या नाही. नालायक मेले. माय म्हणाली कोणाला शिव्या देतेस, मी म्हटलं मेलेल्यांना. ती म्हणाली, मेलेल्यांना आखाजीच्या आधी शिव्या देऊ नये.

दुसऱ्या नकलेतलं आबांना काही ओळखीचं वाटलं नाही तरी पुढच्यात काही वाटेल म्हणून तिसरी मी मागवली, चौथी मागवली. आबा बघायचे, मान हलवायचे. फेकायच्या कशा म्हणून मी त्या भिंतीवर लावत गेले. तशा दिसायला देखण्याच होत्या, आणि तेच जास्त झोंबायचं.

आणि एक दिवस सापडलं. घोड्यांच्या तबेल्याचाच फोटो, अगदी सरळ समोरून काढलेला. मी आधीही तो बघितला होता. या वेळी उजव्या कडेला बोट ठेवून मोठा केला, पदर मोठा करते तसा, आणि कडेला चिकटून एक लोखंडी पाय दिसला. टाकीचा. त्याच्या खाली एक झाड. झाडाच्या खाली बुटकी कौलं आणि काळ्या चौकोनांची रांग. एक, दोन, तीन, चौथा अर्धा. बाकीची रांग तबेल्याच्या आड. फोटो काढणाऱ्याने तबेला काढला होता. आमचं घर त्याच्या कॅमेऱ्यात चुकून आलं होतं. मी दुकानात सगळ्यांच्या देखत रडले. शेठला वाटलं माहेरी कोणी गेलं.

मोबाईलवर आबांना दाखवायचा प्रयत्न करून बघितला. उजेडाची काच त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही, सगळं पांढरं पांढरं दिसतं म्हणाले. कागदच हवा होता. मिळेल तेवढी मोठी नक्कल मागवली. ती यायला वेळ लागणार होता आणि आखाजी जवळ येत होती. त्या काळात आबांचं भोक बारीक होताना मला दिसत होतं. ताटातली भाजी सापडायची, चटणी सापडायची नाही. मी रोज विचारायचे, थेंब टाकले का? ते रोज विचारायचे, नळी आली का?

नळी आली ती दुकानाच्या पत्त्यावर. आधीच्या नकला नळीतून काढल्या की गुंडाळल्या जायच्या आणि आबांच्या हातात चुरगळायच्या, एकीचा तर कोपराच फाटला होता. म्हणून ही तशीच नळीसकट मी उधना दरवाज्याकडच्या फ्रेमवाल्याकडे नेली. चांगला माणूस. देवांचे, लग्नाचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो मढवून देतो. गेलेल्यांना चंदनाचा हार त्याच्याकडूनच लागून येतो. मी त्याला बजावलं, "जपून हं, माझ्या वडिलांचं घर आहे." तो हात जोडून म्हणाला, "चिंता ना करो, बेन."

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी घ्यायला गेले. त्याने कापडाने काच पुसून फ्रेम माझ्यासमोर उभी केली. तबेला कसा अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी जागा, सोनेरी किनार. मी उजव्या कडेकडे बघितलं. कड होती. टाकी नव्हती.

"भाई, इथलं कुठे गेलं?"

तो कौतुकाने सांगायला लागला. तयार फ्रेममध्ये कागद बसत नव्हता, आणि मकानही एका बाजूला सरकलेलं दिसत होतं, म्हणून त्याने उजवीकडची पट्टी कापून टाकली. "मकान वच्चे आवे तो ज सारुं लागे ने, बेन." इमारत मधोमध आली तरच चांगली दिसते. जन्मभर त्याने हेच केलं होतं. देव असो, नवरानवरी असो, मेलेलं माणूस असो, मध्ये घ्यायचं आणि कडेचं कापायचं. त्याचा काय दोष? हे मी आज म्हणते. तेव्हा मी त्याच्या दुकानात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीत बोलले, तरी त्याला सगळं समजलं.

बिचारा घाबरला. कचऱ्याचा डबा उपडा केला. सोनेरी भुसा, काचेचे काप, पुठ्ठे, दुसऱ्यांच्या फोटोंच्या कडा. आमची नव्हती. मग त्याला आठवलं. कापलेल्या जाड पट्ट्या तो टाकत नाही. फ्रेम ढिली लागली की मागे कोंबतो. सकाळपासून बनवलेल्या फ्रेम भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एकेकीच्या मागचे खिळे त्याने काढले. पगडीवाल्या कुठल्याशा गुजराती आजोबांच्या मागे, त्यांच्या पाठीला टेकून, आमचं घर निघालं. वरून मापाला तोडलेलं, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. एक खिळ्याचं भोक वर आभाळात पडलं होतं, खाली सगळं शाबूत. मी ती पट्टी पर्समध्ये साडीच्या कॅटलॉगच्या पानांत घातली. फ्रेम तिथेच ठेवली. तबेला मला नको होता.

घरी येताना रिक्षात मी ठरवत होते, आबांना काय सांगायचं. मी मोठा फोटो कबूल केला होता, आणि हातात काय, तर कात्रण. पण आबांच्या हातात ती पट्टी दिली आणि मी बघतच राहिले. त्यांना तोंड फिरवावं लागलं नाही. टाकीपासून दारांपर्यंत सगळं त्यांच्या नजरेच्या भोकात एकदम मावलं. मोठा फोटो असता तर ते तबेल्यावरूनच फिरत राहिले असते आणि कड त्यांना कधी लागलीही नसती. तेवढ्यापुरतं मला वाटलं, देव आहे.

"टाकी," आबा म्हणाले. हळू म्हणाले, जन्मात पहिल्यांदा. "निंब. एक. दोन. तीन." आणि थांबले. पट्टी डोळ्यांच्या जवळ आणली, लांब नेली, परत जवळ आणली. माय पदराला हात पुसत बाजूला येऊन उभी राहिली. मी वाट बघत होते की आता ते म्हणतील, दिसली. त्यांचे ओठ नुसते हलत होते.

पट्टी मांडीवर ठेवून म्हणाले, "घर शे. माय नही."

चेहरा आलाच नाही. दार होतं, दारातला अंधार होता, आणि अंधार तसाच राहिला. हा फोटो त्यांच्या जन्माच्याही आधीचा, त्यात ती कुठून असणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण त्यांना फोटोत नको होती ती, डोक्यात हवी होती. इतकी वर्षं घर दिसायची वाट बघत होते म्हणून आशा होती. आता घर दिसलं आणि ती आशाही गेली. मला वाटलं, नसती सापडली ही पट्टी तर बरं झालं असतं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. मायने दोनदा वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

सकाळी आखाजी. मायने घागर भरली, डांगर ठेवलं, पुरण शिजायला लावलं. मी उंबरा धुतला. आबा आंघोळ करून उकिडवे बसले आणि मी त्यांचा हात धरून कुंकवाच्या वाटीपर्यंत नेला. पणजोबा. आजोबा. आत्या. एकेक बोट कडप्प्यावर उमटत गेलं. मग त्यांनी बोट परत ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि दुसरा हात माझ्याकडे केला.

"ते घर दे."

मला कळलं, आणि मी ती पट्टी आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. काय करतील हे कळूनही मी अडवलं नाही. कसं अडवणार? तिच्या दाराशी जाऊन तिला बोलवायचं हे त्या माणसाने जन्मभर मनात धरलं होतं आणि दार आता त्याच्या हातात होतं. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली, निंबापासून मोजलं, आईचं नाव घेतलं, या वेळी न अडखळता, आणि बोट तिसऱ्या दारावर टेकवलं. चांगलं दाबून टेकवलं.

ते दार उडदाच्या दाण्याएवढं होतं. आबांचं बोट लूमवर दोरे बांधून बांधून चपटं झालेलं, रुंद. त्यांनी बोट उचललं तेव्हा पहिलं दार नव्हतं, दुसरं नव्हतं, तिसरं नव्हतं, कौलं नव्हती. टाकीचा पाय आणि निंबाचा शेंडा तेवढा वर राहिला होता. खाली सगळं लाल.

"लागनं का बराबर?" आबांनी विचारलं.

"लागलं," मी म्हटलं. "दारावरच."

त्यांनी पट्टी पुन्हा डोळ्यांशी नेली. मोजायला लागले. निंब सापडला, पुढे काही सापडेना. मला वाटलं, आता म्हणतील डोळे गेले. तसं म्हणाले असते तर सोपं होतं. पण त्यांना उमगलं. तोंड माझ्याकडे केलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं.

"मंग ती मझार कशी जाई?"

मग ती आत कशी जाईल. मी कुंकवाची वाटी बाजूला सरकवली. चुलीपाशी माय होती, तीच म्हणाली, "जाई ती. तिनं घर शे." तिचंच घर आहे, जाईल ती. आबांनी मान हलवली, पण अंगठा पट्टीवर घासायला गेले, दार मोकळं करायला. मी पटकन हात धरला. "आबा, पुसू नका. शाईसकट निघेल सगळं." ते थांबले. पट्टी तशीच धरून कडप्प्यापाशी बसून राहिले. मायने विस्तवावर पितरांच्या घासाची आगारी टाकली, पानं वाढली, आम्ही जेवलो. आबांनी त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली.

त्याच आठवड्यात मी तीच नक्कल परत मागवली, गुपचूप. बाकीच्या बराकी भिंतीवरून उतरवून पलंगाखाली सारल्या. मायने त्या जागी कॅलेंडर लावलं. नवी नळी आली तोवर पाऊस लागला होता आणि आबांचं भोक पुरतं बुजलं होतं. आता ते माझ्या आवाजाकडे बघतात, तेही जरा चुकून, खांद्याकडे. मी नळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, घर आहे, पूर्ण आहे, कोणी कापलेलं नाही. उघडू का?

त्यांनी नळी दोन्ही हातांनी चाचपली. झाकण नीट बसलंय का ते बघितलं.

"याला कुंकू नाही ना लावलं कोणी?"

"नाही, आबा."

"मंग ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "दार उघडं शे."